बाईंच्या माश्यांचा रेडिओ

कोल्हारला खोली बघायला गेलो तेव्हा बाईंनी डिपॉझिट म्हणून माझ्याकडं एक डंख मागितला.

मी नुकताच तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात रुजू झालो होतो. खोली दाखवणारा एजंट म्हणाला होता, "प्रवरेच्या अंगाला एका रिटायर बाईंचं घर हाय. वरची खोली मोकळी हाय, हवा बी चांगली. फक्त बाई जरा..." आणि त्यानं बोट कपाळापर्यंत नेऊन तिथंच थांबवलं. मी एकटाच गेलो, कारण एजंटला फाटकाच्या आत यायचं नव्हतं. अंगणात विटांवर ठेवलेल्या लाकडी पेट्यांच्या दोन ओळी होत्या आणि त्यांच्यामधून साडीवर पुरुषी फुल शर्ट घातलेल्या, डोक्याला मच्छरदाणीचा तुकडा बांधलेल्या बाई माझ्याकडं आल्या. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. आमच्या नगर जिल्ह्यात हे होत नाही.

"माशी चावल्यावर काय होतं तुम्हाला?" त्या ओरडल्या. दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशी बोलायला एवढा आवाज लागत नाही.

"माहीत नाही. कधी चावली नाही."

"मग बघू."

त्यांनी पेटीच्या दारातून एक मधमाशी चिमटीत उचलली, फूल उचलावं इतक्या अलगद, आणि माझ्या मनगटावर टेकवली. मी बोंबललो. बाईंनी नखानं काटा खरवडून काढला, मला पायरीवर बसवलं, स्वतः शेजारी बसल्या, आणि माझं मनगट किती सुजतंय ते आम्ही दोघं बघत राहिलो. मधूनमधून त्या विचारत होत्या, "घसा आवळतोय? जीभ जड वाटते?" मी नाही नाही म्हणत होतो. शेवटी त्या उठल्या.

"सोसतं तुम्हाला. राहा. एकदा एकाला न विचारता ठेवलं होतं, तर त्याला घेऊन मला दवाखान्यात पळावं लागलं. डिपॉझिट झालं तुमचं."

असा मी त्यांचा भाडेकरू झालो.

बाईंनी गावातल्या हायस्कूलमध्ये आयुष्यभर विज्ञान शिकवलं होतं, म्हणजे निम्म्या गावाला मारलं होतं. नवरा साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होता, तो वारला. मूलबाळ नाही. माश्या पाळायचा नाद नवऱ्याचा. तो गेल्यावर लोकांना वाटलं, बाई आता पेट्या विकून भजनात बसतील. बाईंनी उलट पेट्या वाढवल्या. भजनातल्या बायका त्यांना घाबरायच्याच.

मी जनावरांचा डॉक्टर आहे हे कळल्यावर त्यांना फार आनंद झाला. तो आनंद मला महागात पडला. सकाळी मी एखाद्या अडलेल्या गाईकडं निघालो की अंगणातून हाक यायची, "डॉक्टर, तिसऱ्या पेटीत हगवण आहे!" मी सांगायचो की बाई, आमच्या अभ्यासक्रमात मधमाशी नव्हती, गाय होती, म्हैस होती, फार तर कोंबडी. बाई म्हणायच्या, "गाईला पाय किती? चार. हिला सहा. तुमचं दीडपट शिक्षण होईल." मग मी पेटीसमोर उकिडवा बसून माश्यांची विष्ठा बघायचो. रस्त्यानं जाणारे शेतकरी हे बघायचे, आणि दुपारी त्यांच्या म्हशी घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडं जायचे.

बाईंचा खरा पराक्रम मात्र रेडिओचा.

पेट्या काही सगळ्या अंगणात नसत. कांद्याचं बी धरणाऱ्यांच्या रानात, डाळिंबाच्या बागांत, नदीपलीकडं, फुलोरा असेल तिथं त्या पेट्या नेऊन ठेवत. माश्या आल्या की बी चांगलं भरतं, फळ चांगलं धरतं, म्हणून शेतकरी बोलावत. पण लांबच्या पेट्यांत काय चाललंय ते घरबसल्या कळायचं कसं? बाईंनी ते जमवलं होतं. प्रत्येक पेटीच्या तळाला स्क्रूनं आवळलेला एक वजनकाटा. आत चौकटींच्या मध्ये तापमान बघणारी एक वायर. आणि बाजूला, साबणाच्या डबीत बसवलेला, काडेपेटीएवढा एक रेडिओ. हा रेडिओ मधूनमधून जागा व्हायचा, वजन आणि तापमान असे दोन आकडे हवेत सोडायचा आणि परत झोपायचा. एवढं कमी बोलणं आणि एवढी झोप, त्यामुळं लहानशा सेलवर तो वर्ष काढायचा, आणि त्याचं ते दोन आकड्यांचं बोलणं नदी ओलांडून कोसा-दोन कोसांवर बाईंच्या अँटेनापर्यंत पोचायचं. तिथून मोबाईलवर.

वजन वाढतंय म्हणजे मध येतोय. एकदम उतरलं म्हणजे निम्म्या माश्या नवी राणी मागं ठेवून, घर सोडून उडाल्या. आतलं तापमान ढळलं म्हणजे पिल्लांचं काहीतरी बिनसलं. बाई सकाळी चहा पिता पिता सगळ्या पेट्यांची विचारपूस करायच्या. लोक व्हॉट्सॲपवर सुप्रभात बघतात, तसं.

"थोडं बोला, लांब जाईल," हे त्यांचं लाडकं वाक्य. ते त्या अशा आवाजात म्हणायच्या की पलीकडच्या आळीत कावळे उडायचे. माणसांचीही त्यांनी रेडिओवरून वर्गवारी केली होती. आमच्या सरपंचांबद्दल त्या म्हणायच्या, "हा माणूस वायफाय आहे. दिवसभर चालू, आणि भिंतीपलीकडं काही जात नाही." माझ्याबद्दल मी विचारलं नाही.

अँटेना त्यांनी बसवला होता गावाच्या पाण्याच्या टाकीवर, कारण गावात तेवढं उंच दुसरं काही नव्हतं. परवानगी कुणाची घेतली हे कुणालाच माहीत नव्हतं. टाकीचं पाणी सोडणाऱ्याला त्यांनी आठवीत शिकवलं होतं, तेवढी परवानगी पुरेशी होती. एक काठीएवढी पांढरी दांडी, बाकी काही नाही. पण उन्हाळा लागला, चारा संपला, गाईंनी दूध कमी केलं, आणि गावात कुणीतरी वर बघितलं.

ग्रामसभेत विषय निघाला. बाईंच्या टॉवरमुळं गाया आटल्या. मला तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. मी उठून सांगितलं की ऊन आहे, हिरवा चारा नाही, जनावरं धापा टाकताहेत, दूध कमी होणारच. सरपंच म्हणाले, "डॉक्टर, तुमी ऱ्हाता कुठं?" सगळी सभा हसली आणि मी खाली बसलो.

मग सोपान उठला. सोपान म्हणजे स्टँडजवळच्या खता-औषधांच्या दुकानाचा मालक, पलीकडं त्याची डाळिंबाची बाग. हाही बाईंचाच विद्यार्थी. त्यानं छातीवर हात बांधले, बाईंकडं न बघता सरपंचांकडं बघितलं आणि म्हणाला, "आमचं म्हननं एवढंच हाय, टॉवर उतरवा."

बाई पुढच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्या ताडकन वळल्या. "दर उतरला? कशाचा? कांद्याचा?"

झालं. मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, "व्हय की, काल लासलगावला लई उतारला." दुसरा म्हणाला, "उतारला न्हाई, उतरवला." मग व्यापारी, मग दिल्ली, मग कुणाच्या चाळीत किती कांदा सडला, मग एकमेकांच्या चाळी. सरपंच हात वर करून "इषय टॉवरचा हाय, टॉवरचा" म्हणत राहिले, पण वायफाय भिंतीपलीकडं गेलं नाही. सभा संपली तेव्हा टाकीवरची दांडी जागच्या जागी होती.

घरी येताना मी बाईंना म्हणालो, "काय डोकं चालवलंत!"

"गाडी कशाला चालवायची? दहा पावलांवर तर घर आहे," बाई म्हणाल्या.

तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली.

मग मी बघायला लागलो. बाई टीव्ही लावायच्या तो मुका. "बातम्या बघायच्या असतात. ऐकून कुणाचं भलं झालंय?" फोन घ्यायच्या नाहीत, मेसेज करा म्हणायच्या, तोही थोडक्यात. कुणी मागून हाक मारली की वळायच्या नाहीत, आणि लोक म्हणायचे, केवढा ताठा! समोर उभं राहून बोललं तर नीट उत्तर द्यायच्या, पण तेव्हा त्यांची नजर तुमच्या डोळ्यांवर नसायची, तोंडावर असायची. मला आधी वाटलं होतं, माझ्या दातांत काहीतरी अडकलंय.

एका रविवारी त्या अंगणातल्या जुन्या पेटीपाशी होत्या. पेटीला कान टेकवून, डोळे मिटून, गुडघ्यांवर. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी डोळे उघडले आणि जरा ओशाळल्या. बाई ओशाळलेल्या मी तेवढ्याच बघितल्या.

"सवय जात नाही," त्या म्हणाल्या. "ह्यांनी मला शिकवलं होतं. पेटी उघडायची गरज नसते, कान लावायचा. सगळं ठीक असेल तर नुसती गुणगुण. राणी मेली असेल तर एक लांब हुंदका असतो, बघा, थांबतच नाही. आणि नवी राणी जन्मायची असेल तर ती आतून पिपाणीसारखी वाजते. खरंच वाजते. ह्यांनी मला पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा मी नवी नवरी होते, मला वाटलं थट्टा करताहेत."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. नवरा गेल्यानंतर काही वर्षांनी एक दिवस त्यांनी असाच कान लावला, तर पोळं गप्प. बिलकूल आवाज नाही. बाईंना वाटलं, सगळ्या मेल्या. कुणीतरी शेजारच्या रानात औषध मारलं असणार. त्यांनी धूर केला नाही, जाळी बांधली नाही, रडत रडत झाकण उचललं. आत सगळ्या ठणठणीत होत्या. आणि भरल्या घराचं छप्पर असं दाणकन उचलल्यावर जे करायचं ते माश्यांनी केलं.

"तोंड भोपळ्याएवढं झालं होतं. चार दिवस डोळे उघडले नाहीत. पडल्या पडल्या विचार करत होते, ह्या जिवंत होत्या, तर मग आवाज कुठं गेला? तेव्हा कळलं. गेलं ते माझं होतं."

त्यानंतर त्यांनी रेडिओची पुस्तकं मागवली. कानानं ऐकू येत नाही, तर आकड्यांनी ऐकू. इंटरनेटवर बघून, तारा जोडायच्या सोल्डरिंगनं बोटं भाजून घेत, साबणाच्या डब्या रिकाम्या करत, त्यांनी ते सगळं एकटीनं उभं केलं. त्या काळात त्या घरात साबण ताटलीत असायचा.

"डॉक्टर," त्यांनी माझा हात धरला, इकडं तिकडं बघितलं, आणि त्यांच्या मते कुजबुजल्या, "हे कुणाला सांगू नका!"

पलीकडच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या दोन बायकांनी माना वर केल्या, आणि पुन्हा खाली घातल्या. त्यांना माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. फक्त बाईंना गाव बहिरं वाटत होतं.

मी म्हटलं, कानाचं मशीन घ्या. त्या म्हणाल्या, "माणसं ऐकायला? शाळेत तेवढी पुष्कळ ऐकली."

पेट्या चोरीला गेल्या त्या माघाच्या शेवटी. नदीपलीकडं एकाच्या रानात कांद्याच्या बियाण्याला पांढरे गोंडे फुटले होते आणि बाईंच्या चार पेट्या तिथं बांधाला ठेवलेल्या होत्या. दिवेलागणीला आम्ही ओट्यावर चहा घेत होतो. बाईंनी मोबाईल बघितला आणि कप खाली ठेवला.

"पेट्या नाचताहेत," त्या म्हणाल्या.

मी बघितलं. चारही पेट्यांची वजनं वरखाली उड्या मारत होती. एका खेपेला दुप्पट, पुढच्या खेपेला शून्य. पेटी जागेवर असेल तर असं होत नाही. मी म्हटलं, रानडुकरं असतील. बाई म्हणाल्या, "डुकरं पेटी पाडतात. टेम्पोत घालून नेत नाहीत. हे खड्डे आहेत, डॉक्टर. प्रत्येक आकडा म्हणजे आपल्या रस्त्याचा खड्डा."

मोटारसायकलवरून आम्ही पूल ओलांडून गेलो तेव्हा अंधार पडत होता. बांधाला नुसत्या विटा उरल्या होत्या. उशिरा परतलेल्या पाच-पन्नास माश्या त्या विटांवर एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. त्या सकाळी ज्या घरातून निघाल्या होत्या ते घरच जागेवर नव्हतं. बाई त्यांच्यासमोर बसल्या. मग शर्टाच्या खिशातून रुमाल काढून त्यांनी तो त्या माश्यांवर हलकेच पांघरला, थंडी होती म्हणून. मी तोंड दुसरीकडं केलं.

पोलिसात जाऊ, मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "काय सांगायचं? वीस-वीस हजार बायका पळवून नेल्या?"

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आम्ही शोधायला निघालो. चोरानं पेट्या उचलल्या होत्या, पण तळाला आवळलेला काटा आणि साबणाची डबी त्याला दिसली नव्हती किंवा कळली नव्हती. रेडिओ बोलतच होते. टाकीवरचा अँटेना त्यांना ऐकत होता, पण दिशा सांगत नव्हता. दिशेसाठी बाईंनी वेगळा अँटेना बनवला: शाळेतून रिटायर होताना बरोबर आणलेली फळ्यावरची लांब लाकडी पट्टी, तिच्यावर आडव्या बसवलेल्या सायकलच्या तारा. तो ज्या दिशेला धरला की मोबाईलवरचा सिग्नलचा आकडा चढतो, तिकडं पेट्या.

मी मोटारसायकल चालवत होतो आणि मागं बाई, साडीवर शर्ट, डोक्याला जाळी, दोन्ही हातांत ती मासळीच्या सांगाड्यासारखी पट्टी. थोडं गेलं की त्या माझ्या पाठीत गुद्दा मारायच्या, म्हणजे थांबा. मग खाली उतरून सावकाश गोल फिरायच्या. एका ठिकाणी एक म्हातारे शेतकरी धोतर सावरत धावत आले.

"पानी बघताय का, बाई? आमच्या बी रानात एक पॉइंट काढा की! दोन बोअर कोरडे गेले."

त्यांना वाटलं, बाई पाणाडी झाल्या. बाईंची नजर मोबाईलवर होती. "इथं काही नाही!" त्या ओरडल्या, "तिकडं, लिंबाच्या पलीकडं जोर आहे!" म्हाताऱ्यांनी लगेच लिंबाकडं जाऊन दगडाची खूण केली. पुढं त्यांनी तिथंच बोअर घेतला आणि पाणी लागलं. बाईंच्या विज्ञाननिष्ठेपुढं हा विषय कुणी काढत नाही.

लिंबाच्या पलीकडं कच्चा रस्ता होता, त्याच्या पलीकडं तारेचं कुंपण, आणि कुंपणाच्या आत सोपानची डाळिंबाची बाग.

पेट्या बागेच्या मधोमध ओळीनं ठेवल्या होत्या. चांगल्या ठेवल्या होत्या, तेही सांगतो. सावलीत, विटांवर, दारं उगवतीला. सोपान त्यांच्यापासून लांब, बांधावर उभा होता. एक डोळा सुजून बंद झाला होता. आम्हाला बघून तो पळाला नाही. पळायला दिसत नव्हतं त्याला.

बाई गाडीवरून उतरल्या. हातात ती लांब पट्टी. सोपान चाळिशीचा, दोन पोरांचा बाप, दुकानाचा मालक; पण पट्टी बघून त्याचे हात आपोआप मागं गेले.

"सोपान," बाई म्हणाल्या, "का रे?"

सोपान आधी जमिनीकडं बघून पुटपुटला. मी म्हटलं, वर बघून बोल, त्यांच्याकडं तोंड करून. तेव्हा त्यानं मान वर केली.

"फूल गळतंय, बाई. औंदा एक फळ धरंना. शेजाऱ्याची झाडं लगडली आन माजी ही अशी. माझ्याच दुकानातली समदी औषधं मारली म्या. मागचं साल बी असंच गेलं. माशी म्हनून दिसत न्हाई बागंत."

"औषधं मारलीस, मग माशी कशी दिसेल? आणि पेट्या हव्या होत्या तर मागायच्या होत्यास."

"मागितल्या की!" सोपानचा आवाज एकदम चढला. त्यात राग होता, आणि रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं. "दोनदा आल्तो तुमच्या घरी. पयल्यांदा तुमी पेटीवर वाकल्या हुत्या. म्या मागं हुबा ऱ्हायलो, दोन हाका मारल्या. तुमी वळून बी पाह्यलं न्हाई. दुसऱ्यांदा आल्तो तवा दारात बसून तांदूळ निवडत हुत्या. म्या फाटकातून म्हनलं, बाई, माझं चुकलं, सभेत तसं बोलाया नको हुतं, पन पेट्या द्या. तुमी मान बी वर केली न्हाई. उठल्या आन घरात गेल्या. तवा म्या म्हनलं, बाईंनी मला टाकला."

माश्यांची ये-जा चालू होती. डाळिंबाच्या लाल फुलांवर त्या शिरत होत्या, बाहेर येत होत्या. बाईंनी पट्टी खाली केली. मला वाटलं त्या आता नेहमीच्या पट्टीत ओरडतील. त्या बोलल्या ते इतकं हळू, की मलाच पुढं झुकावं लागलं.

"मला ऐकू येत नाही, सोपान."

सोपाननं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. गावाला माहीत होतं म्हणालो, पण अर्धवट; लोकांना वाटायचं, बाईंना ऐकू कमी येतं आणि ताठा जास्त आहे. ताठा वजा केला तर काय उरतं ते सोपानला त्या बांधावर पहिल्यांदा कळलं. तो मटकन खाली बसला आणि त्याच्या चांगल्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. सुजलेल्या डोळ्यातून आधीच येत होतं.

"किती वर्षं?" त्यानं विचारलं.

"तू टॉवर उतरवायला निघालास त्याच्या पुष्कळ आधीपासून," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज परत आला. "आता ऊठ. फुलोरा संपेपर्यंत पेट्या इथंच राहतील. पण ह्या बागेत औषधाचा एक थेंब पडला, तर मी गाढवावरून तुझी धिंड काढीन. डॉक्टरांकडं गाढव असेलच."

फुलोरा संपेपर्यंत सोपाननं फवारणीच्या पंपाला हात लावला नाही. रोज सकाळी बाईंना बागेत नेऊन आणायचं काम त्यानं स्वतःकडं घेतलं. फळ धरलं. फार नाही, पण झाडं रिकामी राहिली नाहीत. पुढं दुकानात कुणी फुलोऱ्यात मारायला औषध मागितलं तर तो म्हणायचा, "सकाळी मारू नका, माशी असती." गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जायचं. तरी तो म्हणायचा.

पण त्या सकाळचं बाईंना लागलं होतं. एक दिवस त्या मला म्हणाल्या, "नगरला कधी जाताय? मला कानवाल्याकडं सोडा." मग म्हणाल्या, "सोपान दोनदा आला होता, डॉक्टर. अजून कोण कोण येऊन गेलं असेल?"

मशीन आलं, तेही जेमतेम शेंगदाण्याएवढं, सेलवर चालणारं. बाईंनी ते केसांआड बसवलं आणि गावात कुणाला सांगितलं नाही. तो आठवडा मी विसरणार नाही. त्यांच्यामागं काहीही बोलायची गावाला इतकी वर्षं सवय झालेली. बाई शांत चेहऱ्यानं बाजारात फिरल्या, दळण आणायला गेल्या, पंचायतीत एका अर्जासाठी मुद्दाम पाठमोऱ्या बसून राहिल्या. आठवड्याच्या शेवटी त्या सरपंचांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हातारी खारीक कुणाला म्हणालात मंगळवारी?" सरपंचांना ठसका लागला. पिठाच्या गिरणीवाल्यानं महिनाभर त्यांचं दळण घरपोच दिलं. काय बोलला होता ते त्यानं मला सांगितलं नाही, बाईंनीही नाही.

स्वतःचा आवाज मात्र त्यांना पहिल्याच दिवशी ऐकू आला होता. कानवाल्याच्या दवाखान्याबाहेर रिक्षावाल्याला त्यांनी हाक मारली आणि दचकून मागं बघितलं, कोण ओरडलं म्हणून.

त्या संध्याकाळी आम्ही नगरहून परत आलो तेव्हा त्या घरात गेल्याच नाहीत. पिशवी माझ्याकडं दिली आणि सरळ अंगणातल्या जुन्या पेटीपाशी गेल्या. गुडघ्यांवर बसल्या, मशीनवाला कान लाकडाला टेकवला. मी जवळ उभा राहिलो. बराच वेळ त्या तशाच होत्या. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला, त्यांनी कपाळाला आठी घातली. शेजारी कुकरची शिट्टी झाली, त्यांनी हातानं गप्प बस म्हणून खूण केली. मग सावकाश सरळ बसल्या.

"ट्रॅक्टर ऐकू येतो," त्या म्हणाल्या. "कुकर येतो. तुमचा श्वास येतो, सर्दी झालीय तुम्हाला. ह्या माश्यांचंच काही येत नाही."

कानवाल्यानं आम्हाला समजावलं होतं की हे यंत्र बोलणं ठेवतं आणि एकसारखी गुणगुण असली की तिला गोंगाट समजून काढून टाकतं. लोकांना पंख्याचा त्रास नको म्हणून. तेव्हा आमच्या दोघांच्याही डोक्यात प्रकाश पडला नव्हता. मी म्हणालो, परत जाऊ, सेटिंग बदलून घेऊ, त्यात काय एवढं. बाईंनी मान हलवली. त्या रडत नव्हत्या. नवऱ्याच्या फोटोकडं कधीकधी बघायच्या तशा पेटीकडं बघत होत्या.

"जाऊ कधीतरी," त्या म्हणाल्या. "ह्यांचं आतलं मला वरून कळतंच आहे." त्यांनी खिशातला मोबाईल थोपटला. "हे आहे ते माणसांसाठी राहू दे."

मग त्यांनी माझा हात धरून पेटीवर ठेवला, त्यावर आपला ठेवला. आधी मला नुसतं कोमट लाकूड लागलं. थोडं थांबल्यावर तळव्याला एक थरथर जाणवली, फार बारीक, लांबून रेल्वे येताना रुळाला असते तशी. हजारो माश्या आत अंग थरथरवत घर ऊबदार ठेवत होत्या.

"लागलं हाताला?" बाईंनी विचारलं.

"लागलं!" मी सवयीनं ओरडलो. "लागलं, बाई!"

बाईंनी कानावर हात ठेवला.

"मग एवढं ओरडताय कशाला," त्या म्हणाल्या. "झोपल्यात त्या."